आजोबांच्या पेटीतील मोजमापाची साधने: स्वच्छता किती करावी, दुरुस्ती कुठे थांबवावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले आजोबा मोजणी खात्यात नोकरीला होते आणि त्यांच्या लोखंडी पेटीतून आपल्याला घडीची एक लाकडी फूटपट्टी, चामड्याच्या गोल डबीतील एक कापडी टेप आणि गंजलेली एक साखळी मिळाली आहे. फूटपट्टी काळवंडल्यामुळे तिच्यावरील आकडे नीट दिसत नाहीत, पितळेवर हिरवट थर चढला आहे, आणि या वस्तू पुन्हा नव्यासारख्या कशा कराव्यात, तसेच असा संग्रह पुढे वाढवायचा झाल्यास काय पाहून वस्तू घ्याव्यात, हे आपल्याला हवे आहे.

जुनी मोजमापाची साधने स्वच्छ करणे आणि दुरुस्त करणे हे काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे स्पष्ट उत्तर असे आहे की या वस्तू नव्यासारख्या करू नयेत. रंध्याचे किंवा पटाशीचे पाते घासले तर ते हत्यार पुन्हा कामाला लागते, कारण धार लावणे हा त्याच्या वापराचाच भाग असतो. मोजपट्टीचे तसे नाही. तिचे सारे मोल तिच्यावरील रेघांमध्ये, आकड्यांमध्ये आणि दोन टोकांमधील अंतरात असते, आणि या तिन्ही गोष्टी पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरात असतात. पॉलिश पेपरचा एक हात फिरला की रेघा उथळ होतात, दुसऱ्या हाताने त्यांच्यात भरलेला काळा रंग निघून जातो, आणि टोके घासली गेली तर पट्टी कायमची आखूड होते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मी जे करणार आहे त्यामुळे एखादी रेघ, एखादा ठसा किंवा एखादे टोक बदलणार आहे का? उत्तर होकारार्थी असेल तर ते काम करू नये.

हात लावण्यापूर्वी वस्तू ओळखाव्यात. घडीच्या फूटपट्ट्या बहुधा बॉक्सवुड या पिवळसर, अतिशय घट्ट रेषांच्या लाकडाच्या असतात. चार पदरांची, उघडल्यावर दोन फूट भरणारी आणि मिटल्यावर सहा इंचांची होऊन खिशात मावणारी पट्टी ही त्यांतील सर्वांत प्रचलित जात होती. आपल्याकडे आलेल्या अशा पट्ट्यांवर बर्मिंगहॅमच्या जॉन रॅबोन अँड सन्स या कंपनीचे नाव पुष्कळदा दिसते. चामड्याच्या डबीतील टेपसाठी शेफील्डच्या जेम्स चेस्टरमनचे नाव प्रसिद्ध होते. त्याने स्प्रिंगने आत ओढल्या जाणाऱ्या टेपचे पेटंट 1829 मध्ये घेतले होते. या दोन्ही कंपन्या 1963 मध्ये एकत्र आल्या, त्यामुळे वस्तूवर ‘रॅबोन चेस्टरमन’ असे जोडनाव असेल तर ती त्यानंतरची आहे, एवढे निश्चित सांगता येते. आय.एस.आय.चे चिन्ह असलेली वस्तू स्वातंत्र्यानंतरची असते, आणि एका कडेला इंच व दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असलेली भारतीय पट्टी बहुतेक वेळा 1956 च्या वजनमापे कायद्यानंतरच्या संक्रमणकाळातील निघते. चिन्हे वाचण्यासाठी पट्टी घासू नये. अंधाऱ्या खोलीत एका बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर असा टॉर्चचा उजेड टाकावा. डोळ्यांना न दिसणारे ठसे तिरप्या उजेडात सावली टाकतात आणि वाचता येतात. त्याच उजेडात छायाचित्रेही काढून ठेवावीत.

आपल्या पेटीतील सर्वांत मोलाची वस्तू माझ्या मते साखळी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक घरांतून भंगारात जाते. ती कोणत्या प्रकारची आहे हे मोजल्यावर लगेच कळेल. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 च्या सुमारास रूढ केलेली साखळी 66 फुटांची आणि 100 कड्यांची असते, म्हणजे तिची प्रत्येक कडी 7.92 इंचांची भरते. अभियंत्यांची साखळी 100 फुटांची असून तिची प्रत्येक कडी एक फुटाची असते. मुंबई इलाख्यातील जमीन मोजणीत मात्र 33 फुटांची शंकू साखळी वापरली जात असे. तिचे सोळा भाग असत, त्यांना आणे म्हणत, आणि प्रत्येक आणा दोन फूट पाऊण इंचाचा असे. या साखळीने लांबी एक व रुंदी एक मोजली की 1,089 चौरस फूट, म्हणजे एक गुंठा होतो, आणि असे 40 गुंठे मिळून 43,560 चौरस फुटांचा एकर होतो. आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असले तरी गावोगावी गुंठ्याचाच भाव बोलला जातो, आणि तो गुंठा मूळ या लोखंडी साखळीचा चौरस आहे. 1830 च्या दशकात पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या जमाबंदी मोजणीने, म्हणजे शेतसारा ठरवण्यासाठी केलेल्या मोजणीने, या इलाख्यातील शेतांचे नकाशे आणि आकारणी यांची पद्धत घालून दिली. आपली साखळी 33 फुटांची निघाली, तर ती त्या परंपरेतील वस्तू आहे आणि तिचे जतन त्याच जाणिवेने व्हावे.

आता फूटपट्टीच्या स्वच्छतेकडे वळतो. प्रथम मऊ कोरड्या ब्रशने बिजागरीच्या फटींतील धूळ काढावी. त्यानंतर कापसाचा बोळा मिनरल टर्पेंटाइनमध्ये अगदी थोडा ओला करून, आकडे नसलेल्या एखाद्या कोपऱ्यावर फिरवून पाहावा. बोळ्यावर तपकिरी मळ आला आणि लाकडाचा रंग तसाच राहिला, तर हळूहळू पुढे जावे. बोळ्यावर काळा रंग येऊ लागला तर रेघांमधील भर सुटत आहे असे समजून तेथेच थांबावे. हाताच्या घामाचा चिकट थर टर्पेंटाइनला दाद देत नसेल, तर सौम्य साबणाचा एक थेंब मिसळलेल्या पाण्यात बोळा बुडवून, घट्ट पिळून, एका वेळी दोन इंच इतकाच भाग पुसावा आणि लगेच कोरडा करावा. पट्टी पाण्यात कधीही बुडवू नये. बॉक्सवुड लांबीच्या दिशेने फारसे हलत नाही, पण आडव्या दिशेने फुगते आणि त्यामुळे पितळी टोकांच्या खिळ्या सैल होतात. खोबरेल तेल किंवा इतर खाण्याचे तेल चोळण्याची आपल्याकडे सवय आहे. ते तात्पुरते चकचकीत दिसते, पण काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरते आणि लाकूड कायमचे काळे करते. लाकडाला आलेला मधासारखा गडद रंग हा मळ नाही. तो वयाचा रंग आहे आणि तो तसाच राहू द्यावा.

पितळेच्या बाबतीत चिंच, लिंबू आणि भांडी घासण्याची पावडर यांना या कामात जागा नाही. आम्लामुळे पितळेतील जस्त निघून जाऊन पृष्ठभाग तांबूस पडतो, आणि पावडरीचा पांढरा चुरा बिजागरी व लाकूड यांच्यातील फटीत बसतो, जो पुढे कशानेही पूर्ण निघत नाही. हिरवा थर बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, कोरडाच खरवडावा. लोखंडी सुई वापरू नये, कारण तिचा ओरखडा राहतो. खाली जो तपकिरी पितळी रंग दिसेल तो ठेवावा. बिजागरी घट्ट बसली असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने सांध्यात सोडावा, जास्तीचे तेल लाकडात जाऊ नये म्हणून टिपकागद जवळ ठेवावा, आणि पट्टी एक दिवस तशीच राहू द्यावी. जोर लावून उघडलेल्या पट्ट्यांचे लाकूड बिजागरीच्या पंखाजवळ उभे चिरते, आणि ती चीर कितीही चांगली चिकटवली तरी पट्टी पुन्हा सरळ रेषेत येत नाही. उलट सांधा फार सैल असेल तर रिव्हेटचे एक डोके लोखंडी ऐरणीवर टेकवून दुसऱ्या डोक्यावर हलक्या हातोडीने मोजके ठोके द्यावेत, पण पट्टी उघडी ठेवल्यावर स्वतःच्या वजनाने लोंबत असेल तरच हे करावे.

आकडे खरोखरच वाचता येत नसतील, तर रेघांमध्ये पुन्हा भर घालता येते, मात्र ती परत काढता येईल अशीच असावी. मधमाशीच्या मेणात काजळी मिसळून ते बोटाने रेघांवर चोळावे आणि कोरड्या कापडाने, रेघांना तिरपे जात, वरचे वर पुसून घ्यावे. शाई, मार्कर किंवा तेलरंग वापरू नये, कारण ते लाकडाच्या रंध्रांत शिरतात. झिजून पूर्ण नाहीशी झालेली रेघ नव्याने कोरणे मी कोणत्याही परिस्थितीत योग्य मानत नाही. ती नवी रेघ खोटे मोजमाप सांगते आणि शेजारच्या खऱ्या रेघांवरचाही विश्वास घालवते.

टेपचे काम वेगळे आणि अधिक नाजूक आहे. कापडी टेपमध्ये बहुधा तागाच्या धाग्यांबरोबर पितळेची किंवा तांब्याची बारीक तार विणलेली असते आणि वर रंगाचा थर असतो. वयानुसार हा थर ठिसूळ होतो, म्हणून टेप एकदम ओढून बाहेर काढू नये. थोड्या दमट दिवशी, सपाट टेबलावर, हाताने आधार देत फूट-दोन फूट उलगडावी आणि तडे दिसू लागले तर तेथेच थांबून तितक्याच हळुवारपणे परत गुंडाळावी. ती धुवायची नाही आणि इस्त्रीही करायची नाही. डबीचे चामडे बोटाला लाल भुकटी लावत असेल, तर चामड्याचा हा ऱ्हास परतवता येत नाही, आणि बुटाचे पॉलिश किंवा तेल लावल्यास भुकटी ते शोषून घेते आणि चामडे काळे व कडक होते. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज, जे क्लुसेल-जी या नावाने मिळते, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पातळ विरघळवून मऊ ब्रशने लावल्यास भुकटी बांधली जाते. चामड्यावर सोनेरी अक्षरे असतील तर ती जागा सोडून द्यावी. पोलादी टेप असेल तर खुणांच्या बाजूला तेल आणि बांबूची काडी एवढेच वापरावे. गंज काढणारी द्रावणे आणि व्हिनेगर यांमुळे रेघांचा काळेपणा गंजाबरोबरच निघून जातो.

साखळी स्वच्छ करण्यापूर्वी ती जमिनीवर पूर्ण पसरून, प्रत्येक कडी मोजून, छायाचित्र काढावे. तिच्यावर ठराविक अंतरावर पितळी टिकल्या असतात. गंटरच्या साखळीत त्या दहा-दहा कड्यांवर असून त्यांचे दाते एक, दोन, तीन, चार असे वाढत जातात, मध्यावर गोल टिकली असते आणि तेथून दुसऱ्या टोकाकडे तोच क्रम उलटा येतो. एखादी टिकली गळलेली असेल तर नवी करून लावू नये, फक्त नोंद करावी. सुटा लाल गंज केरोसीन आणि पितळी तारांच्या हातब्रशने काढावा. विजेवर फिरणारा ब्रश मुठीवरील ठसे पुसून टाकतो, म्हणून तो वर्ज्य आहे. लोखंडाला घट्ट चिकटलेला काळा थर हा संरक्षक असतो, तो राहू द्यावा. आम्लात बुडवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण साखळीच्या सांध्यांत शिरलेले आम्ल कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात सांध्यांतूनच नवा गंज फुटतो. शेवटी उन्हात चांगली तापवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. काळा रंग मारू नये.

सांधे तपासताना एक गोष्ट विशेष लक्ष देऊन पाहावी. दोन कड्यांमध्ये बहुधा तीन लहान वळी असतात, म्हणजे प्रत्येक सांध्यात चार ठिकाणी लोखंडावर लोखंड घासते. शंभर कड्यांच्या साखळीत अशी सुमारे चारशे ठिकाणे होतात, आणि प्रत्येक ठिकाणी इंचाचा शंभरावा भाग जरी झिजला तरी साखळी चार इंचांनी लांब होते. लांब झालेली साखळी जमीन कमी दाखवते. 66 फुटांच्या साखळीत चार इंचांची वाढ झाली असेल, तर कागदावर 40 गुंठे लिहिलेले शेत प्रत्यक्षात 40.4 गुंठ्यांचे असते. याच कारणासाठी मोजणीदार वेळोवेळी साखळी तपासून लांब झालेली वळी ठोकून बसवत, बदलत किंवा एखादे काढून टाकत, आणि वाकलेल्या कड्यांमुळे आखूड झालेली साखळी सरळ करून घेत. तेव्हा आपल्या साखळीत काही सांध्यांत तीनऐवजी दोन वळी दिसली किंवा काही वळी वेगळ्या जाडीची आढळली, तर ती उणीव समजून भरून काढू नये. तो आपल्या आजोबांच्या किंवा त्यांच्या आधीच्या कोणा मोजणीदाराच्या प्रामाणिक कामाचा पुरावा आहे. 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पुढच्या साऱ्या मोजणीचा आधार असलेली पहिली रेषा, मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणाऱ्या विल्यम लॅम्बटनने एक पोलादी साखळी कामासाठी आणि दुसरी केवळ तिच्याशी ताडून पाहण्यासाठी ठेवली होती. त्याच लॅम्बटनचा मृत्यू 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटात झाला आणि त्याची कबर तेथे आहे.

साधन आज किती अचूक आहे हे तपासणे हा या छंदाचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे. फूटपट्टी नव्या, चांगल्या पोलादी पट्टीशेजारी ठेवून 1 इंचाच्या रेघेपासून 23 इंचांच्या रेघेपर्यंतचे अंतर मोजावे. ते 558.8 मिलिमीटर यायला हवे. ते बरोबर येत असेल आणि पूर्ण लांबी मात्र 609.6 मिलिमीटरपेक्षा कमी भरत असेल, तर रेघा खऱ्या आहेत आणि फक्त टोके झिजली आहेत. शंकू साखळी एका मुठीच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या मुठीच्या बाहेरच्या कडेपर्यंत सुमारे 10.058 मीटर भरावी. पोलादी टेप तपासताना तापमान लिहावे. जुन्या ब्रिटिश टेप 62 अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे 16.7 अंश सेल्सिअसला बरोबर असत, आणि मराठवाड्यात मे महिन्यात 42 अंशांना 100 फुटांची टेप इंचाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने लांबते, यात टेपचा काही दोष नसतो. जो फरक येईल तो कार्डावर तारखेसह लिहून वस्तूबरोबर ठेवावा, तो दुरुस्त करू नये. या साखळीने घरच्या शेताची हद्द मात्र ठरवू नये. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच ग्राह्य असते.

साठवण कोरड्या जागी असावी. आपण कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात ठेवून त्या महिन्यातून एकदा तापवून घ्याव्यात. चामड्याच्या डबीतच पोलाद किंवा पितळ वर्षानुवर्षे ठेवू नये. सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या डबीतील जाहिरातीच्या छोट्या टेप पुढे आपल्या हाती आल्या तर त्या इतरांपासून दूर ठेवाव्यात, कारण ते सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडते आणि सहज पेटतेही.

संग्रह वाढवण्यासाठी पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईतील मटन स्ट्रीटचा चोर बाजार या दोन्ही ठिकाणी फिरावे, पण जवळ एक लहान पोलादी पट्टी नेहमी ठेवावी. लंडनच्या कारागिरांची नावे आणि जुने साल कोरलेली नवी पितळी साधने सर्रास विकली जातात, आणि ती ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ती मोजून पाहणे. एक ते दोन आणि अकरा ते बारा या रेघांमधील अंतर जर वेगवेगळे भरत असेल, तर ती वस्तू शोभेसाठी बनवलेली आहे. हस्तिदंती पट्टी कितीही सुंदर असली तरी घेऊ नये आणि विकूही नये, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. परदेशातील नातेवाइकांना भेट पाठवायची असेल तर हेही लक्षात ठेवावे की शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतात आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

काय जमवावे, याविषयी माझे मत ठाम आहे. इंग्रजी बॉक्सवुडच्या पट्ट्या जपणारे संग्राहक आणि संग्रहालये त्यांच्या देशात पुष्कळ आहेत. आपल्या कापडपेठांतील लोखंडी गज, शंकू साखळ्या, सुतारांचे घरी केलेले गुण्ये (काटकोन तपासण्याची साधने), आणि तसू व इंच अशा दोन्ही खुणा असलेल्या लाकडी काठ्या मात्र आपण जपल्या नाहीत तर त्या कोणीच जपणार नाही. मुंबईचा गज 27 इंचांचा, म्हणजे 685.8 मिलिमीटरचा असे. त्याचे 24 तसू होत, आणि 16 तसूंचा, म्हणजे 18 इंचांचा हात धरला जाई. दशमान पद्धत 1958 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाल्यावर हे गज व्यवहारातून गेले आणि दुकानांच्या पोटमाळ्यांवर पडून राहिले. जुन्या कापड दुकानाच्या मालकांकडे किंवा त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांकडे चौकशी केल्यास ते अजूनही मिळतात. असा गज मिळाला तर त्याच्या टोकाजवळचा तपासणीचा शिक्का शोधावा, तो न घासता तिरप्या उजेडात त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि गज कोणत्या गावच्या कोणत्या पेठेतील, कोणत्या मालासाठी वापरला जात होता हे देणाऱ्याच्या तोंडून ऐकून त्याच दिवशी लिहून ठेवावे.